मॅडमना माहीत होतं, तरीही सांगावं लागलं

आमच्या डिझाइन ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, तीन नावं असतात: काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा. मधलं नाव बहुतेक वेळा माझं असतं. माझी सही झाली की वर्कशॉपमधली माणसं त्या मापांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात आणि प्लेट कापतात. पुढे काही चुकलं तर पहिला प्रश्न मलाच येतो, ‘तुम्ही तपासताना काय पाहिलंत?’ हा प्रश्न रास्त आहे, सही असते ती त्यासाठीच. पण सही झाल्यानंतर ड्रॉइंग बदलत असेल आणि मला त्याचा पत्ताच नसेल, तर मी जबाबदारी नेमकी कशाची घ्यायची?

माझ्या एका सहकाऱ्याबद्दल मी मॅडमशी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांशी बोलले, ते या प्रश्नामुळे. तो मला आवडत नाही, तो उर्मट आहे, असल्या कारणांनी मी गेले नव्हते. तो उर्मट वागतो हे खरं आहे, पण गाडी तिथे अडली नव्हती.

आधी त्याच्याबद्दल सांगायला हवं. कामात तो हुशार आहे. गुंतागुंतीचं जोडकाम त्याच्या डोळ्यांसमोर तीन मितींत उभं राहतं. साइटवरून फोन आला की पाच मिनिटांत तोडगा काढतो आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. म्हणूनच त्याला कोणी अडवत नव्हतं. साइटवाले थेट त्यालाच फोन करत, हा तिथल्या तिथे ड्रॉइंग बदले, नवीन पीडीएफ फोनवरूनच वर्कशॉपला पाठवून मोकळा होई. रजिस्टरमध्ये नोंद नाही, रिव्हिजनचं अक्षर (ड्रॉइंग कितव्यांदा बदललं ते सांगणारं ए, बी, सी) पुढे सरकवलेलं नाही, बदललेल्या भागाभोवती ढगाची खूण नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काम थांबवून ठेवू का तुमच्या सहीसाठी?”

यातून जे व्हायचं ते झालं. एका बेस प्लेटची, म्हणजे खांबाच्या तळाशी बोल्टने बसवायच्या प्लेटची, भोकं त्याने साइटच्या सांगण्यावरून सरकवली. बदल योग्यच होता, कारण काँक्रीटमध्ये बसवलेले अँकर बोल्ट खरोखरच जागेवर नव्हते. पण ड्रॉइंगवरची रिव्हिजन ‘बी’ तशीच राहिली. त्यानंतर आमच्याकडून रीतसर प्रिंट गेली, तीही ‘बी’च. वर्कशॉपमध्ये आता एकाच नंबरची, एकाच अक्षराची दोन वेगवेगळी ड्रॉइंग्ज होती. भोकं पाडली गेली ती जुन्या मापाने. प्लेट्स पुन्हा कराव्या लागल्या. आढावा बैठकीत तो शांतपणे म्हणाला, “हे चेकिंगमध्ये पकडलं जायला हवं होतं.” सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. जे ड्रॉइंग माझ्यासमोर कधी आलंच नव्हतं, त्याचं खापर माझ्यावर फुटलं होतं.

हा एकच प्रसंग असता तर मी गिळून टाकला असता. तो एकच नव्हता. शिवाय याच गोंधळात आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी भरडली जात होती. तिने विचारलं की तो ओरडायचा. तिने विचारलं नाही आणि काही चुकलं, तरीही ओरडायचा. हळूहळू तिने विचारणंच बंद केलं. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाने शंका विचारणं थांबवलं की चुका कागदावर उतरतात आणि तपासणीपर्यंत कोणालाच दिसत नाहीत.

सगळ्यात आधी मी त्याच्याशीच बोलले. लोक म्हणतात, ‘त्याला सांगून काय उपयोग, सरळ वर जा.’ मला ते पटत नाही. एक तर समोरच्याला संधी मिळायला हवी. दुसरं म्हणजे कोणताही बरा वरिष्ठ पहिला प्रश्न हाच विचारणार, ‘तू त्याच्याशी बोललीस का?’ त्याला ‘नाही’ हे उत्तर असेल तर पुढचं सगळं बोलणं लंगडं पडतं.

बाकीचे घरी गेल्यावर मी त्याला गाठलं. चारचौघांत मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, “बेस प्लेटचा बदल तू केलास तो बरोबरच होता. पण तो मला कळला नाही आणि दोन ‘बी’ फिरत राहिल्या. पुढच्या वेळी वर्कशॉपला पाठवायच्या आधी मला नुसता एक फोन कर, मी हातातलं काम बाजूला ठेवून बघते.” तो म्हणाला, “बघू.” त्यानंतर काही दिवस त्याचे फोन आले. मी शब्द दिल्याप्रमाणे हातातलं टाकून बघितलंही. मग कामाची गर्दी वाढली आणि फोन बंद झाले. पुन्हा आठवण केली तेव्हा म्हणाला, “तू फार मनावर घेतेस.” यापुढे आमच्या दोघांत हे सुटणार नाही, हे मला त्या उत्तराने कळलं. नियम पाळायचा की नाही हे तो स्वतःच ठरवत होता, आणि त्याला ते बंधनकारक करण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तो मॅडमकडे होता.

तरीही मी लगेच गेले नाही. पाय जड होतात, हे यातून गेलेल्या कोणालाही माहीत असेल. चहाडखोर ठरू का, ‘हिलाच जमवून घेता येत नाही’ असं होईल का, त्याला कळलं तर रोज शेजारी बसून काम कसं करायचं? नंतर वाचताना कळलं की या भीतीला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन स्कोव्रोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की आपण दुसऱ्याचा एखादा दुर्गुण वर्णन करून सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात तो दुर्गुण नकळत सांगणाऱ्यालाच चिकटतो. ‘तो बेजबाबदार आहे’ असं मी दहा वेळा म्हणत राहिले, तर बेजबाबदारपणाची सावली माझ्यावरच पडणार. हे समजल्यावर मी दोन गोष्टी ठरवल्या. मधल्या सुट्टीत त्याच्याविषयी बोलणं बंद. आणि मॅडमसमोर त्याच्यासाठी एकही विशेषण वापरायचं नाही.

दुसरी गोष्ट बोलायला सोपी होती, करायला अवघड. मी एक वही घेतली आणि घडेल ते लिहायला लागले. सुरुवातीची पानं आज वाचली तर त्यात घटना कमी आणि निष्कर्ष जास्त सापडतात: ‘मुद्दाम डावललं’, ‘कमीपणा दाखवायचा होता’, ‘कोणाची पर्वाच नाही’. त्याच्या मनात काय होतं हे मला कुठून कळणार? दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि तो ज्या परिस्थितीत अडकलाय तिकडे कानाडोळा करतो, या मानवी खोडीविषयी मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये लिहिलं होतं. ती खोड माझ्या वहीत पानोपानी होती. मग मी प्रत्येक नोंदीला एकच कसोटी लावली: खोलीत कॅमेरा असता तर त्याला हे दिसलं असतं का? ‘मुद्दाम डावललं’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ‘रिव्हिजन न बदलता पीडीएफ पाठवली, रजिस्टरमध्ये नोंद नाही’ हे दिसतं. जे दिसत नाही ते खोडलं.

खोडून झाल्यावर वही बारीक झाली, पण वजनदार झाली. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी उरल्या. तारीख, ड्रॉइंग नंबर, काय घडलं आणि त्याने कामावर काय परिणाम झाला. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची. पुन्हा कापलेल्या प्लेट्स, वर्कशॉपचा वाया गेलेला वेळ, साइटवर थांबलेली क्रेन. वरिष्ठाला निर्णय घ्यायचा असतो आणि निर्णयाला आधार लागतो तो परिणामांचा. माझ्या मनाला किती लागलं हे खरं असतं, पण तेवढ्यावर त्यांना समोरच्या माणसाला बोलावून काही विचारता येत नाही.

पुरावा कुठून घ्यायचा याबाबतही मी स्वतःला मर्यादा घालून घेतली. जे ऑफिसच्या रजिस्टरमध्ये, फाइलींच्या तारखांमध्ये आणि कामाच्या मेलमध्ये सगळ्यांना दिसतं तेवढंच घ्यायचं. लपून रेकॉर्डिंग करायचं नाही, कोणाच्या खासगी संदेशांचे फोटो जमवायचे नाहीत. असल्या गोष्टी उघड झाल्या की मूळ विषय बाजूला राहतो आणि तुमच्या वागण्याचीच चौकशी सुरू होते.

त्या नव्या मुलीचं काय करायचं हा पेच मात्र खरा होता. तिच्यावर होणारं ओरडणं मी पाहिलं होतं, पण तो अनुभव तिचा होता. तिला न विचारता तिची ढाल करून पुढे जाणं मला बरोबर वाटलं नाही. मी तिला विचारलं. ती घाबरली, “ताई, माझं नाव नका घेऊ.” मी म्हटलं, “तुझ्या वतीने काही बोलणार नाही. माझ्यासमोर जे घडलं तेवढंच सांगेन, आणि तेही तुला चालत असेल तर.” विचार करायला तिने वेळ घेतला आणि मग होकार दिला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मी सांगतेय ती वाट कामाच्या पद्धतीवरून होणाऱ्या त्रासासाठी आहे. आधी त्याच्याशी बोला, मग नोंदी ठेवा, मग वरिष्ठांकडे जा, ही पायरी पायरीची चाल प्रत्येक ठिकाणी लागू नाही. लैंगिक छळ, धमकी, अंगावर धावून येणं, जात-धर्म-लिंगावरून अपमान, पैशांचा घोळ, जिवाला धोका होईल असा हलगर्जीपणा यांपैकी काही असेल, तर त्या माणसाशी आधी एकांतात बोलायची काहीही गरज नाही. सरळ त्यासाठी नेमलेल्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे जायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणच्या हिंसेची आणि छळाची व्याख्या केली आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की असं वर्तन एकदाच घडलेलं असो वा पुन्हा पुन्हा, दोन्ही त्यात येतं. म्हणजे या व्याख्येनुसार ‘एकदाच तर झालं’ हे तुम्हाला परत पाठवायचं कारण ठरत नाही. आमच्या बाबतीत आवाज चढत होता, पण शिव्या किंवा धमक्या नव्हत्या. असत्या तर माझी वाट वेगळी असती.

आता वेळ मागायची होती. दारात डोकं घालून ‘मॅडम, दोन मिनिटं?’ असं विचारायचं मी टाळलं. दोन मिनिटांत हा विषय मावत नाही, आणि अर्धवट कानावर पडलेल्या गोष्टीवर मत फार लवकर बनतं. एखादा ताजा प्रसंग घडून डोकं तापलेलं असतानाही गेले नाही. वार्षिक मूल्यांकनाच्या आसपासचा काळही टाळला, कारण तेव्हा प्रत्येक वाक्याला हेतू चिकटवला जातो. मी मेल लिहिला: ‘ड्रॉइंग तपासून झाल्यानंतर होणाऱ्या बदलांमुळे वर्कशॉपमध्ये चुका होत आहेत. त्याबद्दल बोलायचं आहे. त्यात एका सहकाऱ्यासोबतच्या कामाचा भाग आहे, म्हणून समक्ष आणि एकटीनेच भेटायला आवडेल. अर्धा तास लागेल.’ विषय काय ते त्यांना आधी कळलं आणि नाव मेलमध्ये कुठेच आलं नाही.

बैठकीत मी सुरुवात बेस प्लेटपासून केली. काय बदललं, कुठे नोंद झाली नाही, त्यामुळे पुढे काय झालं. मग तसेच आणखी काही मोजके प्रसंग, एका पानावर छापलेले. सगळी वही मी काढली नाही. गठ्ठा पुढे ठेवला की वाचणाऱ्याचं लक्ष कामावरून उडून गठ्ठा जमवणाऱ्याकडे जातं.

मॅडमनी पान वाचलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “तो कसा आहे ते मला माहीत आहे.”

या वाक्याने मी क्षणभर हबकले. माहीत आहे, तर मग इतके दिवस काय? हा प्रश्न ओठावर आला होता, विचारला नाही. पण त्याचं उत्तर पुढच्या बोलण्यातून आपोआप मिळालं. त्यांच्या कानावर बरंच आलं होतं, पण सगळं एकाच साच्याचं: तो तुसडा आहे, त्याच्याशी पटत नाही, त्याला सांगा काहीतरी. त्या म्हणाल्या, “मी त्याला बोलावून काय सांगणार? ‘लोकांशी गोड वाग’? तो म्हणणार, कोण म्हणतं? मी नाव सांगणार नाही आणि तो हसून निघून जाणार.” त्यांना स्वभाव माहीत होता. त्याची किंमत वर्कशॉप मोजतंय, हे माहीत नव्हतं. प्लेट्स पुन्हा झाल्या ते त्यांना कळलं होतं, पण कारण म्हणून ‘चेकिंगमधली चूक’ एवढंच पोचलं होतं. पहिल्यांदाच त्यांच्या हातात असं काही आलं होतं, जे धरून त्याच्याशी बोलता येईल.

मग त्या उलटतपासणीला लागल्या. ती त्यांनी केली हे बरंच झालं. “तो म्हणतो तुझ्याकडे ड्रॉइंग दोन-दोन दिवस पडून असतात.” मी रजिस्टर दाखवलं. आलेल्या आणि परत गेलेल्या वेळा त्यात होत्या. बहुतेक ड्रॉइंग्ज त्याच दिवशी परत गेली होती. पण रजिस्टरने आणखी एक गोष्ट दाखवली. एका भोकाच्या बदलाला आणि अख्ख्या नव्या जोडणीला आमच्याकडे एकच रांग होती. साइटवर माणसं खोळंबलेली असताना छोट्या बदलाने मोठ्या कामामागे उभं राहायचं, ही पद्धत ऑफिस सुरू झालं तेव्हापासूनची, कोणी कधी तपासून न पाहिलेली. तो नियम धाब्यावर बसवत होता हे खरंच, पण त्याला घाईची जी ओढ होती ती खोटी नव्हती. मी हे मॅडमना स्पष्ट बोलून दाखवलं. समोरच्याच्या बाजूचं जे खरं आहे ते आपणच सांगितलं की आपल्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो. आणि नुसता विश्वास बसावा म्हणून नव्हे, ते खरं होतं म्हणून सांगायला हवं होतं.

“बरं, मग तुला काय हवंय?” त्यांनी विचारलं.

मला वाटतं, अर्ध्या तक्रारी या प्रश्नापाशी येऊन विरतात. ‘काहीतरी करा’ हे उत्तर नव्हे. मी उत्तर लिहूनच नेलं होतं. वर्कशॉपला ड्रॉइंग फक्त डॉक्युमेंट कंट्रोलमधूनच, म्हणजे नोंद करून ड्रॉइंग बाहेर पाठवणाऱ्या टेबलावरूनच जावं, कोणाच्याही फोनवरून जाऊ नये, अगदी मंजूर करणाऱ्याच्याही नाही. तातडीच्या छोट्या बदलांसाठी वेगळी रांग असावी आणि मी जागेवर नसेन तर तपासणारा दुसरा माणूस आधीच ठरलेला असावा. वर्कशॉपनेही रजिस्टरमध्ये नसलेली प्रिंट स्वीकारू नये. त्याला हलवा, त्याला समज द्या, माझी माफी मागायला लावा, यातलं मी काहीच मागितलं नाही. ते ठरवणं माझं काम नाही. शिवाय मला ज्याची गरज होती ते यातल्या कशानेही मिळणार नव्हतं.

बोलता बोलता त्यांनीच आयएसओचा मुद्दा काढला. आमच्याकडे आयएसओ ९००१ चं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.५ हे कलम कागदपत्रांच्या नियंत्रणाबद्दल आहे. मंजुरी, आवृत्तीची ओळख, बदलांवर ताबा, हे सगळं त्यात येतं. म्हणजे मी मागत होते ते नवीन काहीच नव्हतं. कागदावर आम्ही ते आधीच कबूल केलेलं होतं. मॅडमना याचा फार उपयोग झाला. ‘ती असं म्हणते’ ऐवजी ‘ऑडिटमध्ये हे निघालं तर आपण काय उत्तर देणार’ असं त्यांना बोलता येणार होतं.

नव्या मुलीचा विषय मी शेवटी काढला आणि थोडक्यात ठेवला. माझ्यासमोर घडलेले प्रसंग सांगितले आणि त्यानंतर तिने शंका विचारणं कमी केलंय हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तिच्याशी मी माझ्या पद्धतीने बोलते.

निघताना मी विचारलं, “माझं नाव कळेल का त्याला?” त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, “मी सांगणार नाही. पण चेकिंगचा विषय निघाला की तो अंदाज बांधणारच. ते तुला चालेल का?” मी हो म्हटलं. जे मी त्याच्या तोंडावर आधीच बोलले होते तेवढंच मी वर सांगितलं होतं. लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं. त्याच्याशी आधी बोलल्याचा खरा फायदा मला त्या क्षणी जाणवला.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना छोटा मेल टाकला. आज काय बोलणं झालं, त्या काय बघणार आहेत, मी काय करणार आहे आणि पुन्हा कधी भेटायचं. त्यात आरोप नव्हते, नाव नव्हतं. तोंडी बोलण्याची प्रत्येकाची आठवण वेगळी असते, आणि कामाच्या गर्दीत विषय विरून जायला वेळ लागत नाही.

यानंतरचा काळ मला सगळ्यात जड गेला. बरेच दिवस वरवर काहीच घडलं नाही. तो तसाच, फोन तसेच. मनात येऊ लागलं की आपलं पान कुठल्यातरी फाइलमध्ये गाडलं गेलं असणार. प्रत्यक्षात मॅडम वर्कशॉपच्या प्रमुखांशी बोलत होत्या, रजिस्टर स्वतः चाळत होत्या, मी दिलेले प्रसंग दुसऱ्या बाजूने पडताळत होत्या. त्यांनी माझ्या शब्दावर लगेच धाव घेतली नाही याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, उद्या माझ्याबद्दल कोणी तक्रार केली तर मलाही हेच हवं असेल. त्याला त्यांनी बोलावलं, हे मला त्याच्या अबोल्यावरून कळलं. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तक्रार केली म्हणून त्याच्या कानउघाडणीचा तपशील मिळण्याचा हक्क मला मिळत नाही.

मग एके दिवशी सगळ्यांसाठी नवी पद्धत आली. वर्कशॉपला ड्रॉइंग फक्त एकाच मार्गाने जाणार. तातडीच्या बदलांची वेगळी रांग. पर्यायी तपासणारा म्हणून नाव होतं त्याचंच. हे वाचून मी चमकले. नियम मोडणाऱ्याच्या हातात तपासणी? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “त्याला बदल कळतात, तुझ्याइतकेच. स्वतः सही करायला लागला की सहीचं वजन कळेल.” मला हे लगेच पचलं नाही. त्या निर्णयाबद्दलची माझी शंका मी त्यांना स्पष्ट सांगितली आणि ठराविक काळाने आढावा घ्यायचं आम्ही ठरवलं.

तो माझ्याशी कित्येक दिवस कामापुरतंसुद्धा धड बोलला नाही. बैठकीत माझ्या नावाऐवजी ‘चेकिंगवाले’ म्हणायचा. मी उत्तरं कामाचीच देत राहिले, तीही लेखी. मध्यंतरी एकदा पुन्हा फोनवरून पीडीएफ गेली. या वेळी ती वर्कशॉपनेच परत पाठवली, कारण त्यांच्या हातातही आता नियम होता. मी मॅडमना दोन ओळींचा मेल केला: ड्रॉइंग नंबर, तारीख, वर्कशॉपने रोखलं. पुन्हा सगळा इतिहास उगाळला नाही. पहिल्या भेटीत जे उभं केलं होतं, त्यावर आता दोन ओळीही पुरत होत्या.

आढाव्याला बसलो तेव्हा चित्र असं होतं. छोटे बदल आता रांगेत अडकत नाहीत, त्यामुळे त्याची मुख्य कुरकुर संपली. बदललेल्या भागाभोवती ढगाची खूण येते, रिव्हिजनचं अक्षर पुढे सरकतं. तो पर्यायी तपासणारा म्हणून काटेकोर आहे, हे मान्य करायला हवं. माझी ड्रॉइंग्ज त्याच्याकडे जातात तेव्हा शेरे नेमके असतात. आमच्यात मैत्री नाही आणि ती व्हावी अशी अपेक्षाही मी ठेवलेली नाही. मला एकमेकांच्या सहीवर विसंबता यायला हवं होतं, आणि ते बऱ्याच अंशी जमलंय.

आवाज चढण्याचं मात्र सुटलेलं नाही. कमी झालंय, थांबलेलं नाही. पद्धत बदलून चुका रोखता येतात, पण नवख्या माणसाशी कसं बोलायचं हे रजिस्टरमध्ये बसवता येत नाही. त्या मुलीने आता स्वतः मॅडमची वेळ मागितली आहे. मला विचारत होती, सोबत याल का म्हणून. मी तिला सांगितलं, तुला हवं असेल तर बाहेर थांबते, पण आत तू बोल. अलीकडचे दोन प्रसंग कागदावर लिही: काय विचारलंस, तो काय म्हणाला, त्यानंतर काम कुठे अडलं. आणि तुला काय हवंय ते आधी ठरवून जा. काल तिने कागद दाखवला. पहिल्या ओळीत ‘तो नेहमीच’ असं होतं. ते तिने माझ्यासमोरच खोडलं आणि तिथे तारीख घातली.